घडीचा कीबोर्ड
मसाल्याच्या डंकावर कुटल्या जाणाऱ्या मिरचीचा ठसका लागला, की मला लालबागमधलं डंकाशेजारचं ते मोबाईलचं दुकान आठवतं. नवऱ्याने माझा लॅपटॉप चाळीच्या जिन्यावर आपटून फोडला होता आणि माझं भाषांतराचं काम कसंबसं फोनवर चाललं होतं. त्याच्या नजरेस पडणार नाही असा घडीचा कीबोर्ड मला हवा होता. दुकानदाराने काउंटरच्या काचेवर दोन ठेवले. तीन घड्यांचा अगदी लहान होता, पण त्याची बटणं नीट दाबली जात नव्हती. दोन घड्यांचा जरा जाड, पण त्यावर मराठी झरझर उमटत होतं. मी तो चालवून बघत असताना मागून आवाज आला, "कुणाला लिहितेस गं?" मी वळायच्या आत नवऱ्याने केस धरून माझं कपाळ काचेवर आपटलं. काच तडकली. कीबोर्ड मी सोडेना, म्हणून तो माझं मनगट पिरगाळू लागला. फोन दुरुस्तीला द्यायला आलेल्या एका कोळणीने त्याची कॉलर धरली आणि त्याला फुटपाथवर ढकललं. "परत हात लाव तिला, तुझाच हात मोडीन!" तो शिव्या देत निघून गेला. माझ्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. दुकानदाराला म्हटलं, "हाच द्या." घरी न जाता आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. उजवा हात सुजला होता, म्हणून तक्रार मी त्याच कीबोर्डवर डाव्या हाताने एकेक अक्षर करत टाइप केली. आता मी एकटी राहते, पोटापुरतं कमावते. पण काम करताना कुणी मागे येऊन उभं राहिलं, की माझी बोटं अजूनही थांबतात.