ताईच्या पायाची गाडी

गिअर बदलताना पाठीत लाथ बसल्यासारखा दणका बसला पाहिजे, असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्याच्या गॅरेजात लांबून येत. तो त्यांचं सगळं ऐकून घेई, हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकी आणि एकच विचारी, "गाडी कोणाच्या पायाची?"

नवखा माणूस गोंधळून जाई. मग तो समजावून सांगे. कंपनी पिकअप बनवते ती साऱ्या जगासाठी. म्हाताऱ्यानं चालवली तरी चालावी आणि माजोरड्यानं चालवली तरी मोडू नये, अशी. गरीब सुनेसारखी, कोणाचंच मन न मोडणारी. तो तीच गाडी एका माणसाची करून देई. स्टिअरिंगच्या खाली लॅपटॉपची वायर लावून तो इंजिनाच्या मेंदूत शिरे. पाय किती दाबला की किती डिझेल सोडायचं, कोणत्या वेगाला गिअर टाकायचा, मऊ टाकायचा की आदळायचा, हे तिथं नव्यानं लिही. पण त्याआधी मालकाला चढावर गाडी चालवायला लावी आणि स्वतः शेजारी बसून रस्त्याकडे नाही, त्याच्या पायाकडे बघे. पाय पाहिल्याशिवाय त्यानं कधी वायर जोडली नाही.

लोक त्याला पायाळू म्हणत. जन्मताना डोक्याच्या आधी त्याचे पाय बाहेर आले होते, म्हणून हे नाव पडलं, आणि धंद्यानं ते खरं करून दाखवलं.

त्याचा हात मात्र तेवढा शहाणा नव्हता. एका ड्रायव्हरनं रागाच्या भरात त्याच्या लॅपटॉपला लाथ मारली, तेव्हा त्यानं पाना घालून त्याचा जबडा मोडला होता. राग यायला लागला की त्याचे कान लाल होत आणि शेजारचा वेल्डर न सांगता शटर अर्धं खाली ओढी. "पायाळूचे कान पेटले," तो म्हणे, "आता मला ठिणग्यांची गरज नाही."

हा हात त्याला बापाकडून आला होता. बाप फॅनबेल्टनं मारायचा. जिथं लागे तिथं आधी पांढरा पट्टा उठे, मग लाल. मध्ये पडायची ती मोठी बहीण. मार खाऊन झाला की ताई त्याला ट्रॅक्टरवर घेऊन बसे आणि शेताच्या कडेनं फिरवून आणी. ती अनवाणी चालवायची. पेडलवर तिचा पाय असा पडे, की खाली दूध असतं तर सायही मोडली नसती. तो खडखडाटी ट्रॅक्टर तिच्या पायाखाली मांजरासारखा चाले. पायाळू जे शिकला ते तिथं शिकला.

ताई लग्न होऊन लाकडाच्या वखारीत गेली. दाजी डोंगरातून ओंडके उतरवायचा. आधी ऐकू आलं की तिला मारतो, मग दिसलं. एका दुपारी पायाळू साखळी घेऊन वखारीत गेला. दाजी ओंडक्यावर बसून चहा पीत होता. पहिली साखळी कपावर बसली, दुसरी तोंडावर. समोरचे दात भुशात पडले. दाजी गुडघ्यावर आला तरी पायाळू थांबला नाही. चार हमालांनी त्याला धरून बाहेर काढलं, तेव्हा साखळीला केस चिकटलेले होते.

काही दिवसांनी ताईचा फोन आला. "परत येऊ नकोस, बारक्या," ती म्हणाली. "तू मारून जातोस. मी इथंच राहते."

तो गेला नाही. वर्षभर त्यानं स्वतःचा हात स्वतःच्या खिशात कोंडून ठेवला.

आणि मग एका सकाळी दाजीच दारात उभा. नवीकोरी पिकअप, आपोआप गिअर बदलणारी, आणि आत ताई.

"काय मेहुणे," दाजी हसला. "दात नवे बसवले. बघितले की नाही?"

"चांगले आहेत. आधीच्यांपेक्षा सरळ."

"ह्या चढावर गाडी ओढायची तर तुझ्याशिवाय कोणी नाही म्हणतात. म्हटलं, जाऊ दे, घरचा माणूस आहे. असा गिअर पाहिजे बघ, की मान मागं गेली पाहिजे." त्यानं बॉनेटवर थाप मारली. "बायको काय, गाडी काय, दणक्याशिवाय जागची हलत नाही."

पायाळूचे कान पेटले. पाना हाताशीच होता. काचेआडून ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको. तिचा ओठ फुटून काळा पडला होता. ती गाडीतून उतरली नाही.

त्यानं पाना खाली ठेवला. "गाडी कोणाच्या पायाची?"

"माझ्याच. आणखी कोणाच्या?"

त्यानं दाजीला चढावर नेलं, आणलं. दाजीचा पाय त्यानं पाहून घेतला. पेडलवर पाय ठेवत नव्हता, पेडल तुडवत होता. परत आल्यावर दाजी मागचा हूक जोडून घ्यायला वेल्डरकडे गेला, तेव्हा पायाळू खिडकीशी वाकला.

"ताई, निघ आता."

"कशावर निघू? पाखरावर?"

"हीच गाडी घेऊन निघ. हात लावू देतो ना?"

"ओंडके भरले की वळवून ठेवायला लावतो. तेवढंच."

"तेवढं पुरे. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या अंगाला, बोटाला लागेल असं एक बटण बसवतो. वर असलं की गाडी त्याच्या पायाची. खाली दाबलंस की तुझ्या. नुसता अंगठा टेकवायचा. चढ संपला की हमरस्ता. मागून कोणी पकडू शकणार नाही."

ताई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात वेल्डरकडून दाजीचं हसू ऐकू आलं आणि ती सरळ बसली.

दोन दिवस पायाळू जेवला की नाही, त्याला आठवत नाही. दाजीचा भाग लवकर झाला. तुडवलं की झेपावणारी, गिअर आदळणारी गाडी. अशा त्यानं कितीतरी केल्या होत्या. जीव ओतला तो दुसऱ्या भागात. पेडलला नुसता स्पर्श झाला की इंजिनाचं सगळं बळ चाकांवर यावं आणि गिअर एकमेकांत विरघळावेत. आणि पेडल अर्ध्याच्या खाली गेलं, की इंजिनाचा गळा आवळायचा. हे त्यानं विचार करून केलं. दाजीनं हिसकावून घेतली तर तुडवून तुडवून मरेल, पण गाडी त्याला दाद देणार नाही. ताईला अर्ध्याच्या खाली जायचं कामच नाही. तिचा पाय तिथपर्यंत कधी गेलाच नव्हता.

तो पाय त्यानं बघितला नाही. बघायची गरजच वाटली नाही. तो त्याला पाठ होता.

दाजी गाडी घेऊन गेला तो खुशीत. पहिल्याच गिअरला त्याची टोपी मागच्या काचेवर आदळली आणि तो शिवी देऊन हसला.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, पिकअप परत आली. खोकत, अडखळत, आचके देत. चालवत ताई होती. गॅरेज चढाच्या पायथ्याशीच होतं. चढावर गाडी दमली आणि ताईनं उताराला लावून ती गॅरेजच्या अंगणात घातली आणि उतरायला दार अर्धं उघडलं. मागून वखारीतली जुनी जीप आली आणि फाटकात आडवी उभी राहिली. दाजी उतरला. हातात ओंडके ओढायचा लोखंडी आकडा.

पायाळू पाइप घेऊन धावला. आकडा त्याच्या खांद्यावर बसला आणि गळ्याखालचं हाड मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज त्यानं स्वतः ऐकला. पाइप हातातून गेला. दुसरा घाव बरगड्यांवर, तिसरा पाठीवर. तो तेलकट जमिनीवर पालथा पडला आणि तोंडात रक्त आणि ग्रीसची चव मिसळली. वेल्डर धावत आला, तर आकडा त्याच्या कानावरून गेला आणि तो मागे हटला.

"मोठा कारागीर," दाजी धापा टाकत म्हणाला. "माझ्याच गाडीत माझ्याच बायकोला पळायला वाट करतोस?"

त्यानं खिडकीची काच फोडली. काचा ताईच्या मांडीवर पडल्या. मग बॉनेट फोडायला तो पुढे, गाडी आणि अंगणाच्या टोकाची दगडी भिंत यांच्या मध्ये शिरला. आकडा पडला, पत्रा फाटला. ताई जीव खाऊन पेडल दाबत होती. इंजिन गुदमरत होतं आणि गाडी दावणीला बांधलेल्या जनावरासारखी जागच्या जागी थरथरत होती.

"दाब," दाजी हसला. "अजून दाब. भावाची कारागिरी तरी बघू दे."

जमिनीवरून पायाळूला उघड्या दारातून तिचा पाय दिसला. टाच, चवडा, सगळा पाय एका लाकडासारखा पेडलवर रोवलेला. त्याला काही उमगेना.

"ताई, दाबू नको," तो ओरडला. "टाच उचल. नुसता अंगठा टेकव."

समोर कोण उभं आहे हे त्याला त्या वेळी दिसत होतं की नाही, हे पुढे वकिलानं विचारलं, ताईनं विचारलं. त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

ताईनं पाय उचलला. हलका झाला आणि गाडी झेपावली.

भिंतीवर पत्रा आदळल्याचा आवाज झाला, आणि त्याच्या आतून दुसरा एक ओला आवाज. दाजी कमरेतून बॉनेटवर वाकला. आकडा हातातून सुटला. मग तो ओरडायला लागला आणि त्या ओरडण्यात शब्द नव्हते. गाडी थांबली नव्हती. ती भिंतीकडे रेटत होती, कारण पाय अजून पेडलवर होता.

पायाळू एका हातानं सरपटत दारापाशी गेला. "पाय काढ, ताई."

"निघत नाही रे."

तिचा पाय थरथरत होता आणि प्रत्येक थरथरीबरोबर दाजी किंचाळत होता. पायाळूनं चांगला हात आत घातला आणि तिचा घोटा धरला. घोटा त्याच्या मुठीत मावेना. हाडावर हाड चढून जुळलेली मोठी गाठ होती. पाय वाकतच नव्हता. वाकणार कुठून? तिथं सांधाच उरला नव्हता.

"हे काय?"

"तू यांना मारून गेलास ना," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली हे सांगावं तसा. "त्याच संध्याकाळी. पायावर ओंडका सोडला."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोटा त्याच्या हाताखाली होता. बोटभर खाली, अर्ध्याच्या आतच, दाबला असता तर दाजी भिंतीपाशी संपला असता. त्यानंच गाडीला तसं शिकवलं होतं. त्याचा हात खाली जाऊ लागला आणि दाजीचा आवाज चिरकला.

"हात काढ, बारक्या," ताई म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"तुझं मारणं मी एकदा भोगलं. दाबायचं तर मी दाबीन. तू नाही."

तिनं समोर बघितलं. बॉनेटवर दाजीचं तोंड होतं, नवे दात रक्तानं लाल. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणजे पायाळूला तो बराच वाटला.

"उचल," ती मग म्हणाली.

त्यानं तिचा पाय दोन्ही हातांनी उचलला. मोडलेल्या खांद्याचा हातही वर आला, कसा आला ते त्याला कळलं नाही. पाय ब्रेकवर ठेवला. तिनं गाडी मागे घेतली. दाजी भिंतीवरून पोतं घसरावं तसा खाली आला. पायाळूनं स्वतःचा पट्टा काढला आणि त्याच्या मांडीवर आवळला. वेल्डर फोन करत होता. दाजी शिव्या देत होता, म्हणजे जगणार होता.

दाजीचा एक पाय मांडीपासून गेला. ताईच्या अंगावरच्या खुणा कोर्टानं पाहिल्या आणि तिला सोडलं. पायाळूला बटणाबद्दल विचारलं. त्यानं बसवलं म्हणून कबूल केलं आणि दोन हिवाळे आत काढले. आत त्याचं एकदाच भांडण झालं आणि त्यात त्यानं मार खाल्ला. लोकांनी ते खोटं मानलं.

सुटून आला तेव्हा ताई त्याच पिकअपवर भाड्यानं घरसामान वाहत होती. कोर्टानं गाडी तिला दिली होती. बटण तिनं कधीच उपटून टाकलं होतं, पण आतलं लिहिलेलं दाजीच्या पायाचं अजून तसंच होतं. ती गाडीतून उतरली आणि त्याच्यासमोर चालत आली, लंगडत, पाय बाहेरच्या बाजूला फेकत. त्यानं पहिल्यांदा तिला असं चालताना नीट पाहिलं.

तो खाली बसला. "दाखव पाय. आता नीट बघून करतो. तुझ्याच पायाची, अशी करतो की..."

"नको."

"अगं, दणके किती बसतायत तुला."

"बसतात ना. म्हणून तर आले. कंपनीतून आली होती तशी करून दे."

"तशी? तशी तुझ्या ह्या पायाला जड जाईल, ताई. चढावर मरेल."

"जाऊ दे जड. कोणाच्या पायाची नको मला ती."

शेजारून वेल्डर हसला. "पायाळू, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकानं काहीच न करायचे पैसे देऊ केलेत."

पायाळूचे कान लाल झाले. तो उठला, फडक्याला हात पुसले आणि वायर जोडली. दाजीचा पाय पुसला. मग स्वतःच्या दोन दिवसांच्या कामावर आला आणि थांबला. असं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढेही होणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. ताई मागे उभी राहून बघत होती. त्यानं तेही पुसलं.

ताई गाडीत बसली. निघताना इंजिन घुटमळलं, गाडीनं झटका खाल्ला आणि आरसा फाटकाच्या खांबाला घासला. ती थांबली नाही. पायाळू अंगणात उभा राहून ऐकू लागला. चढ सुरू झाला आणि गिअर खाली यायला उशीर झाला, फार उशीर. त्याचा स्वतःचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला. वर वळणापाशी गाडीनं काळा धूर सोडला, कण्हली आणि पलीकडे गेली.