सारसाच्या घरट्याचे रक्षणकर्ते

लाखांदूरजवळच्या आमच्या गावी, शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी साठवलेल्या धानाच्या शेतात, सारसाच्या जोडीने घरटे केले, तेव्हा मला धन्य वाटले. मी गावचा पुरोहित; संस्कृत कोशात सारसाच्या मादीला ‘लक्ष्मणा’ म्हटले आहे, एवढेच माझे ज्ञान. बाकीचे शेजाऱ्याने शिकवले. धानाची रोपे लावणाऱ्या, रोवणीच्या बाया घरट्याभोवतीचा तुकडा मोकळा सोडून पुढे सरकत. एक पक्षी अंड्यांवर बसे, दुसरा राखण करी. पाऊस वाढून बांधी भरली की दोघे गवत उपटून घरट्यावर रचत आणि दोन्ही अंडी पाण्याच्या वर राहत. भोवतीचे पाणी हाच त्यांचा खंदक होता. कुत्री तिथवर जात नसत.

पिल्ले निघायला आठवडा उरला असेल, तोच शहरातून पक्षिप्रेमींची मंडळी आली. अंगात हिरवी जाकिटे, गळ्यात दुर्बिणी आणि मुखी ‘संवर्धन’ हा शब्द. अर्थ न जाणता मंत्र घोकावा तसा. त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, फलक रोवला, मला शाल पांघरली आणि शांतिमंत्र म्हणायला लावले. मी म्हटले. स्वर शुद्ध लागल्याचा गर्वही वाटला.

शेजारीण म्हणाली, “हा बोर्ड कोनासाठी जी, गुरुजी? सारसाले वाचता येते का?”

दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस झाला. घरट्याला पाणी टेकलेले पाहून मंडळींचे प्रमुख हादरले. “अंडी बुडतील! आधी पाणी काढा.”

“साहेब, पानी चढलं का थे घरटं उंच करते,” शेजारी म्हणाला. “तुमी कायले घाबरता?”

“काका, हे शास्त्रीय काम आहे,” प्रमुख हसून म्हणाले.

मंडळींतल्या दोघांनी फावड्याने धुरा फोडला आणि उद्यापर्यंत त्याला हात लावू नका, अशी ताकीद दिली. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिले. गावात माझा शब्द कोणी मोडत नाही. तो शब्द मी उच्चारला नाही. सन्मान करणाऱ्यांना दुखवणे मला अशिष्ट वाटले. त्या शिष्टाचाराची आज मला किळस येते.

सकाळी बांधीत निव्वळ चिखल होता. त्यात कुत्र्यांच्या पावलांची रांग थेट घरट्यापर्यंत गेली होती. तिथे टरफले पडली होती. जोडी दूरच्या बांधीत उभी होती. एरवी कोसभर ऐकू जाणारी त्यांची हाक त्या दिवशी उठलीच नाही.

शेजारी फुटलेला धुरा बुजवत असतानाच प्रमुखांचा फोन आला. “गुरुजी, पिल्लं कधी निघतील? स्वागत-सोहळा ठेवायचा आहे. पाहुणे ठरलेत.”

शेजारी मान वर न करता म्हणाला, “सांगा त्यायले, कुत्र्यायनं सोहळा उरकला म्हनाव.”

मी ते शब्दशः सांगितले. पलीकडून विचारणा झाली, “टरफलांचा फोटो मिळेल का? अहवालाला लागेल.”