वाळवंटातलं वाळवण

किस्से जमवावे लागत नाहीत. किटलीच्या बुडाला क्षार धरतो ना, तसे ते आपोआप साठतात. आपण फक्त रोज पाणी उकळत राहायचं. मी नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात आठ वर्षं साफसफाई करते आणि कॉफी करते. फरशी पुसणाऱ्या बाईसमोर माणसं बिनधास्त बोलतात. त्यांना वाटतं, हिला डच कळत नाही. शाळेत मला चौथीच्या पुढचं काही कळलं नाही हे खरं, पण डच कळतं!

आमचं ऑफिस जरा वेगळं आहे. मालकाचं नाव कोर, वय साठ. तो फक्त एकट्या पुरुषांना सहलीला पाठवतो. पन्नाशीच्या आसपासचे, गे पुरुष. आणि पाठवतो कुठं, तर थेट अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. तिथं त्यांच्यासाठीच चालवलेली छोटी छोटी रिसॉर्ट्स आहेत. मधोमध पोहायचा तलाव, भोवती खोल्या, वर ऊन. तिथं कुणी कुणाला "बायको कुठंय?" असं विचारत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं. भिंतीवर मोठं पोस्टर, त्यात नुसते पुरुष पहुडलेले.

"कोर, यांच्या बायका कुठं आहेत?"

"नाहीत."

"मग स्वयंपाक?"

"हॉटेलवाले करतात."

"धुणी?"

"तीही हॉटेलवालेच धुतात."

मी पोस्टर पुसलं. म्हटलं, "बायकांसाठी पण काढ की असलं काहीतरी!"

* * *

मग कोरोना आला. अमेरिकेने दार लावून घेतलं आणि आमचे सगळे एकटे पुरुष आपापल्या घरात आणखी एकटे झाले.

त्यातला एक बेर्ट. पोस्टमन, वय छप्पन्न, सहा फुटांच्या वर उंच, दर एप्रिलला वाळवंटात जाणारा. त्याचं विमान रद्द झालं. पण सुट्टी त्याने आधीच टाकलेली होती आणि ती वाया घालवणं त्याच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ऑफिससमोरच्या पार्किंगमध्ये घडीची आरामखुर्ची टाकून पडलेला! अंगावर पोहायची चड्डी, डोक्यावर गवती टोपी, नाकावर क्रीम. बाहेर बारा डिग्री.

खेमेंतेचा माणूस आला, म्हणजे नगरपालिकेचा. गर्दी करायला बंदी होती.

"एकटाच आहे मी," बेर्ट म्हणाला.

"पण इथं करताय काय?"

"सुट्टीवर आलोय."

त्या माणसाने बेर्टकडे बघितलं, मग आमच्या काचेतल्या वाळवंटाच्या पोस्टरकडे बघितलं.

"परत कधी?"

"सोमवारी."

"बरं," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

* * *

बेर्टला मी खिडकीतून कॉफी द्यायचे. एकदा सोबत घरचा चिवडा दिला. म्हटलं, जपून, त्यात मिरची आहे.

"शोभा, मी तीस वर्षं कुत्र्यांना तोंड देत पत्रं वाटतोय," तो म्हणाला आणि बचकभर तोंडात टाकला.

पुढची दहा मिनिटं हा उंचापुरा माणूस आमच्या बागेच्या नळाखाली जीभ धरून बसला होता. मग आत बघून म्हणाला, "चव चांगली आहे."

डच लोक खोटं बोलत नाहीत म्हणतात. या एका गोष्टीवर माझा विश्वास नाही.

* * *

पानगळीच्या दिवसांत एक जण आला. मास्क, काळा चष्मा, कानांवरून ओढलेली टोपी. इंग्रजीत हळू आवाजात म्हणाला, "माहिती हवी होती." मी ओल्या फडक्याने टेबल पुसत होते. तो वळला आणि त्याचा गुडघा खुर्चीवर आपटला.

"आई गं!"

"लागलं का हो फार?" मी मराठीत विचारलं.

त्याने टोपी आणखी खाली ओढली. मग मराठीत म्हणाला, "ताई, मी प्रिंटर दुरुस्त करायला आलोय."

"आमच्याकडं प्रिंटर नाही. बसा. चहा की कॉफी?"

मास्क उतरवला तसा ओळखला, आमच्या मराठी मंडळातला सुहास. नीउ-व्हेनेपला राहतो, आयटीत आहे, वय एक्कावन्न, माझ्या माहेरच्या वाटेवरचा म्हणजे नाशिकचा. चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "ताई, तुम्ही मंडळात जाता. हे तिथं कुणाला..."

"मी इथं फरशी पुसायला येते. बातम्या द्यायला नाही."

"तसं नाही हो. आईला कळेल याची भीती वाटते. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. अख्ख्या आठवड्यात मला घरचा तेवढा एकच फोन येतो, ताई. हे कळल्यावर तो यायचा थांबला तर?"

मी चहा परत भरला.

* * *

सुहासने वाळवंटाची सहल ठरवली आणि आईला ती 'ऑफिसची कॉन्फरन्स' म्हणून सांगून ठेवली. अमेरिका काही उघडेना, कॉन्फरन्स पुढं पुढं ढकलली जाऊ लागली. आई फोनवर म्हणायची, "ही कसली रे तुमची कॉन्फरन्स? एवढ्या वेळात आमच्या गल्लीतली तीन लग्नं झाली, पन्नास माणसांत!"

तारीख बदलायला फोन पुरतो. सुहास दर वेळी स्वतः यायचा, तोही गुरुवारी. गुरुवारी बेर्टला सुट्टी असते आणि तो आमच्याकडं कॉफीला येतो. आत एका वेळी एकच गिऱ्हाईक घ्यायचा नियम होता, म्हणून मी बाहेर भिंतीला लागून दोन खुर्च्या मांडून ठेवल्या, दीड मीटरवर. टेप लावून मोजून.

महिनाभराने खिडकी पुसताना बघितलं, तर अंतर मीटरभर उरलेलं. वारा असेल. इथं वारा फार.

* * *

सुहासचं लग्न जमवणं हा आमच्या मंडळाचा जुना उद्योग. लॉकडाऊनमध्ये हळदीकुंकू झूमवर झालं, तरी मीनलवहिनींनी विषय काढलाच. नाशिकहून त्याच्या आईने त्यांना निरोप धाडला होता. आईची अट एकच. जात नको, पत्रिका नको, शिक्षण नको, वयही चालेल ते. घरात सगळ्यांचं जेवण झणझणीत, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: "तिला तिखट चालतं का?" म्हणे, याच एका प्रश्नावर आईने आजवर नऊ स्थळं नाकारली होती.

"शोभाताई, तुमच्या ओळखीतला आहे ना तो?" मीनलवहिनी म्हणाल्या. "एवढा शिकलेला, देखणा, आणि अजून तसाच? काहीतरी खोट असणार."

"आहे ना," मी म्हटलं. "जेवण झालं की आपलं ताट आपण घासतो. तुमच्याकडं आहे का असा कुणी?"

झूमवर वीस चौकोन होते. वीसही चौकोनांतले नवरे मागच्या मागं सरकले!

* * *

आता माझं दुखणं. वीस वर्षांत मला या देशात वाळवण काही जमलं नाही. पापड नाही, कुरडया नाही. साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या गॅलरीत घातल्या की तासाभरात पाऊस. एकदा कडक ऊन पडलं, तर समुद्रपक्षी आले आणि सगळं संपवून, परात खाली शेजाऱ्याच्या गाडीवर टाकून गेले. ओव्हनमध्ये वाळवल्या, त्या भाजल्या. केस वाळवायच्या मशीनने वाळवल्या, त्या उडाल्या.

शेवटी अमेरिका उघडली, सुहासचं तिकीट पक्कं झालं. मी पितळी सोऱ्या, दोन किलो साबुदाणा आणि माझ्या हाताने लिहिलेलं माप त्याच्यासमोर ठेवलं.

"जाताय तर माझ्या चकल्या वाळवून आणा."

"ताई! लोक तिथं तलावाशेजारी आराम करायला जातात!"

"चकल्या काय नाचणार आहेत? त्याही पडूनच असतात."

तेवढ्यात कळलं की बेर्टची खोलीही त्याच आठवड्यात, त्याच रिसॉर्टमध्ये. मी कोरला गाठलं. तुझा धंदा एकट्या माणसांचा ना? मग हे काय?

"कॉम्प्युटरने टाकलं," कोर म्हणाला.

त्या कॉम्प्युटरवरून रोज मी फडकं मारते. तो कॉम्प्युटर असलं काही करत नाही.

* * *

विमानतळावर काय विचारतील, याची सुहासने पंधरा दिवस तालीम केली. एकटेच का? याच रिसॉर्टला का? लग्न झालंय का? आरशासमोर उत्तरं पाठ केली. नाकात काडी घालून टेस्ट केली, कागद चार प्रतींत घेतले.

अमेरिकेच्या अधिकाऱ्याने त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. बॅगेतून सोऱ्या काढला, उलटा केला, त्यातून सुहासकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय आहे?"

सुहासने पाऊण तास समजावलं. उकडायचं, कुस्करायचं, दाबायचं, वाळवायचं. मागं रांग लागली.

"म्हणजे तुम्ही नेदरलँड्सहून वाळवंटात बटाटे वाळवायला आलात?"

"हो."

"एकटे?"

"हो."

अधिकाऱ्याने शिक्का मारला. "देव तुमचं भलं करो!"

* * *

पुढचं मला दोघांनी मिळून सांगितलं. बेर्ट हातवारे करत होता आणि सुहास शब्द भरत होता.

पहिले दोन दिवस सुहास खोलीतून बाहेरच आला नाही. पडद्याआडून बघायचा. बाहेर त्याच्याच वयाची, त्याच्यासारखीच सुटलेल्या पोटांची माणसं निवांत पडलेली, आणि याला दाराची कडी काढवेना. तिसऱ्या दिवशी चकल्यांचं पीठ भिजवून बसला आणि लक्षात आलं की कडक ऊन फक्त तलावाशेजारीच आहे. वाळवण खोलीत होत नाही. गेला बिचारा! पांढरी चादर अंथरली, मान खाली घालून दीडशे चकल्या पाडल्या.

मान वर केली तर सगळं रिसॉर्ट भोवती उभं! एक निवृत्त मास्तर, एक दातांचा डॉक्टर, आणखी चार-पाच जण, सगळे चड्डीवर. पहिली चिमणी उतरली तसा बेर्ट पुढं झाला. पोस्टमनच तो, त्याने लगेच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावून दिल्या. मास्तर टॉवेल फडकावत फिरू लागले. दातांचा डॉक्टर चकल्यांची रांग सरळ करू लागला.

संध्याकाळचे साडेपाच वाजले तरी ऊन तापलेलंच. सुहास गुडघ्यावर बसून चकल्या उलटत होता. मला दाखवायला शूटिंग कर म्हणून फोन बेर्टच्या हातात दिलेला. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. बेर्टला वाटलं, शोभाच असणार. त्याने हिरवं बटण दाबलं.

शोभा नव्हती. नाशिकला सकाळचे सहा वाजले होते आणि आई पहिला चहा घेत होती. रविवार नव्हता, पण तिला रात्रभर झोप नव्हती, म्हणून केला.

तिला आधी दिसली गवती टोपी आणि क्रीम लावलेलं नाक. मग बेर्टने घाबरून फोन फिरवला, तेव्हा टॉवेल फडकावणारे मास्तर, उघडाबंब डॉक्टर आणि मधोमध चड्डीवर बसलेला तिचा मुलगा.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

"पीठ सैल झालंय," ती म्हणाली. "कडा फाटल्यात."

"आई," सुहास म्हणाला. हातातली चकली त्याने चादरीवर ठेवली. "ही कॉन्फरन्स नाहीये. कधीच नव्हती."

"ते दिसतंय."

तिने चहाचा घोट घेतला. "हा टोपीवाला कोण?"

"बेर्ट. पोस्टमन आहे."

"तुझ्याबरोबर आलाय?"

"नाही. तो एकटा आलाय. मीही एकटाच आलोय."

"मग तुझा फोन त्याच्या हातात कसा?"

सुहासने बेर्टकडे बघितलं. आईने कप खाली ठेवला. चष्मा पदराने पुसून परत लावला आणि बेर्टला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"त्याला विचार," ती म्हणाली, "तिखट चालतं का?"

"काय म्हणतात त्या?" बेर्टने विचारलं. सुहासने सांगितलं.

बेर्टने वाकून एक अर्धवट वाळलेली चकली उचलली. माझ्या मापाची, लवंगी मिरचीची. अख्खी तोंडात टाकली. चावली, गिळली. तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा. तलाव दोन पावलांवर होता, पण तो जागचा हलला नाही. फोन नीट सरळ धरला आणि अंगठा वर केला.

आईने कप परत उचलला.

"चालेल," म्हणाली आणि फोन ठेवला.