मेंदीच्या कुंपणातली फांदी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलींना नाही, आणि निर्मलाला तर — खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं वय बावीस. गळ्यात मामाची दुर्बीण, डोक्यावर बाबांची हॅट — पाखरंच मला बघायला जमत असतील. कावळा दिसला तरी वहीत वेळ टाकून लिहायची. माझी मैत्रीण निर्मला मात्र खरी पाखरांची. हिंगण्याच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे एक लहानशी बाग होती, फारशी कुणाला ठाऊक नसलेली. तिथल्या मेंदीच्या कुंपणात तिनं बुलबुलाचं घरटं शोधलं. तिनं. मी नाही. हे तेव्हा किती टोचलं, सांगू?

बागेचे माळी दशरथभाऊ. निर्मलाच्या एका शब्दावर त्यांनी कुंपणाचा तेवढा तुकडा छाटायचा सोडला. बाकी सगळं सरळ आणि मधेच हे झिपरं — मुकादम रोज बोलायचा, ते ऐकून घ्यायचे. आणि आम्हा दोघींचं ठरलेलं होतं: हात लावायचा नाही, लांबून बघायचं.

मग एका शनिवारी सकाळी मी एकटीच का गेले? पिल्लं मला तिच्याआधी बघायची होती. एवढंच. चोची दिसत होत्या, पण मधे एक फांदी येत होती. ती मी वाकवली — असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. वाकवली नाही. मोडली. तीन उघड्या चोची मनसोक्त पाहिल्या, वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या आणि घरी जाऊन पोहे खाल्ले.

मे महिना होता. नागपूरचं ऊन. त्या घरट्यावर सावली काय ती त्याच फांदीची होती.

रविवारी दोघी गेलो, तर घरट्यात मुंग्या. निर्मला मटकन खालीच बसली. दशरथभाऊ हातातला पाइप टाकून आले.

"फांदी काहून कापली, भाऊ? तुम्हाले सांगतलं होतं ना," ती म्हणाली.

"म्या नाही कापली, बाई. कात्रीनं अशी साल लोंबते का? कोनं तरी हातानं मोडली हे."

इथं गप्प बसता आलं असतं, नाही का? नुसत्या भित्रेपणावर भागलं असतं. पण मी बोलले. "काल बसमधून दिसले ना तुम्ही मले. कात्री घेऊन, याच कोपऱ्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाईनं पाह्यलं म्हनते, तं असन," एवढंच म्हणाले आणि पाइप उचलायला वळले.

निर्मलानं तिथंच मुकादमाला सांगितलं. त्याला निमित्तच हवं होतं. उद्यापासून बागेचं काम बंद, नाल्या उपसायला जा — असं तो सगळ्यांदेखत त्यांना बोलला.

परतताना निर्मलानं माझा हात धरला. "तू पाह्यलं म्हणून समजलं वं. मी तं त्या माणसावर भरवसाच ठेवून राहिली असती."

"जाऊ दे वं," मी म्हटलं, "गरीब माणूस आहे. आपण माफ करून टाकू."

आणि मी — मोठ्या मनानं — दशरथभाऊंना माफ केलं.