पळाली, पळवली, गेली

पित्रपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी माझी भाची चकलांब्याहून आली आणि चप्पलही न काढता उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "मावशे, यंदा नवमीला आईचं पान वाढू का नको? तू सांगशील तसं."

"आत तर ये," मी म्हणाले, "का आईसारखी दारातूनच जातीस?"

एरवी असल्या टोमण्यावर ती मला दुप्पट ऐकवते. या वेळी हसलीसुद्धा नाही.

ही माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, लेक. नवरा मागं ठेवून मेलेल्या बायकांसाठी आमच्याकडं नवमीला पान वाढतात, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नेऊन ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. आक्काचं पान आजवर कुणी वाढलं नाही, कारण आक्का मेली की जिवंत आहे हेच कुणाला ठाऊक नाही. जित्या माणसाचं पान वाढलं तर आपणच त्याला मारल्यासारखं. मेलेल्याचं नाही वाढलं तर ते दाराशी उपाशी फिरतं. कुण्या जाणत्यानं भाचीला सांगितलं होतं, "तुमच्या घरातलं एक बाईमाणूस उपाशी हाय." तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गळ्याची हाडं वर आली होती.

मी तिला चहा दिला. आणि एका सिनेमाची गोष्ट काढली.

शिरूरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका वर्षी आला तो परदेशी, ग्रीस देशातल्या फार जुन्या गोष्टीचा. त्यातली भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, म्हणून तंबूवाल्यानं एक माणूस भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा केलेला. पडद्यावर जे चाललंय ते हा मराठीत ओरडून सांगणार. राणी लई देखणी. राजाच्या घरी परदेशातला राजपुत्र पाहुणा आला. राणी त्याच्या जहाजात बसली, आणि तिला परत आणायला अख्खा मुलूख भाले घेऊन समुद्रापार निघाला.

"अन् राणी पळाली!" भोंगा ओरडला.

पुरुषांच्या बाजूनं एक पटकेवाला उठला. "कावून बे? राजाची बायकू पळंल का? पळवली म्हण!"

"पळवली! राणीला पळवली!" भोंग्यानं दुरुस्ती केली.

"आरं तिच्या तोंडाकडं तर बघ," दुसरा उठला, "हसती हाय ती. पळालीच!"

मधल्या एका 'व'वरून तंबूत चपला उडायला लागल्या. बायकांची बाजू चादरीनं आड केलेली होती. तिथं आक्का माझ्याशेजारी गोडीशेव खात बसलेली. ती तोंडातली शेव संपवून मोठ्यानं म्हणाली, "काय भांडता रे? पळाली न्हाई अन् पळवली बी न्हाई. गेली ती. आपल्या पायानं गेली."

मग बायका फिदीफिदी हसल्या. आपल्यात मेलेल्या बाईला 'गेली' म्हणतात हे आक्काच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असावं. पुढं मारामारी इतकी वाढली की सिनेमा तिथंच बंद पडला. राणीचं शेवटी काय झालं ते राहूनच गेलं.

माझं काय झालं ते सांगते. मला खूळ लागलं. दुसऱ्याच दिवशी वडिलांचं धुतलेलं धोतर अंगाला गुंडाळून, एका खांद्यावर पिन टोचून, मी धाब्यावर जाऊन क्षितिजाकडं बघत उभी राहिले. समुद्र नव्हता, करडईचं रान होतं. दात पुढं आलेले, नाक बसकं, पण डौल असा की जहाजं निघालीच समजा. खालून शेजारचा म्हातारा शेळी हुडकत चाललेला. वर बघून म्हणाला, "पोरी, धोतर असं वाळवत न्हाईत, दोरीवर टाक." माझ्यासाठी लढायला आलेलं सैन्य म्हणजे तो आणि त्याची शेळी.

देखणी होती ती आक्का. तिला त्याचं काही नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दाजी आणि आक्का मिळून एक कोयता. त्या जत्रेच्या पुढच्या हंगामात लेकीला आमच्या आईपाशी ठेवून ते तोडीला गेले. एका सकाळी मुकादमानं टोळी मोजली तर दाजींचा अर्धाच कोयता उभा. कोपीत, त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, आक्काचं लुगडं घडी घालून ठेवलेलं, चुलीवर भाकरी झाकलेली.

गाव म्हणालं, पळाली. दाजींची भावकी म्हणाली, पळवली. पळवणारा म्हणून एका ट्रॅक्टरवाल्याचं नाव निघालं. तो बिचारा आष्टीकडच्या त्याच्या गावात बायकापोरांत बसलेला. शपथा घेऊन सांगे, आमच्याकडं न्हाई हो ती. कोण ऐकतो? दोन्ही गावांची डोकी फुटली, कडब्याच्या गंजी जळाल्या, वर्षानुवर्षं एकमेकांच्या जत्रा बंद. सगळं आक्काच्या नावानं. आणि तिला हुडकायला मात्र एक माणूस कधी एसटीत बसला नाही. तेव्हा मला, या शहाणीला, वाटायचं, काय नशीब बाईचं! आपल्यासाठी एखादी तरी गंजी पेटावी.

मग ती दिसायला लागली. कुणाला कर्नाटकात कारखान्याच्या दारात, कुणाला पंढरीकडच्या रस्त्यावर. मला आष्टीच्या बाजारात दिसली. तीच मान, तीच डाव्या अंगाला झुकायची लकब. मी गर्दीतून धावत जाऊन पदर धरला. बाई वळली. परकं तोंड, घाबरलेले डोळे. "कोण पायजे, बाई?" तिनं विचारलं. मी पदर सोडला. आजही बाजारात गेले की मी बायकांची तोंडं आधी बघत नाही, माना बघते.

हे सगळं चहाबरोबर निघालं. माझी नात कोपऱ्यात बसून ऐकत होती. बीडच्या कॉलेजात शिकते, त्या राणीची गोष्ट तिला अभ्यासाला आहे. म्हणाली, "आज्जे, त्या गोष्टीचा आणखी एक जुना पाठ आहे. राणी त्या राजपुत्राच्या शहरात गेलीच नव्हती. देवांनी ढगाची हुबेहूब राणी करून पाठवली होती. खरी राणी दूर तिसऱ्याच देशात बसलेली. शहरातली माणसं सांगत होती, ती इथं न्हाई म्हणून."

"अन् खरी परत आली का?" भाचीनं विचारलं. लहान मुलीच्या आवाजात.

"आली. त्या पाठात तरी आली."

भाची माझ्याकडं बघत राहिली. नजर तोंडावर नव्हती, मानेवर होती. म्हातारपणी मी आक्कावर गेलेय असं लोक म्हणतात. तरुणपणी एकानंही म्हटलं नाही, मेल्यांनी.

"पान नको वाढू," मी म्हणाले. "ताट वाढ."

नवमीला मी चकलांब्याला गेले. भाचीनं खीर, वडे, कढी, सगळं केलं. पण धाब्यावर काही नेलं नाही. स्वयंपाकघरात पाट मांडला, पितळी ताट वाढलं, तांब्या भरून ठेवला, जेवायला माणूस येतं तसं. दार सताड उघडं. बाहेर भिंतीवर कावळे येऊन बसले, आत डोकावत राहिले. भाची ताटाकडं बघत होती. खिरीवर साय धरली.

"गार होतंय," ती म्हणाली. "आता?"

अन्न टाकून द्यायचं नाही, आणि परत भांड्यात लोटायचं तर मुळीच नाही. मी उठले आणि त्या पाटावर बसले. धोतर गुंडाळून धाब्यावर उभी राहिले होते तेव्हापासून जी भूमिका मागत होते ती शेवटी मिळाली. राणीची नव्हे, ढगाची.

पहिला घास घेतला तशी मागून कुणीतरी हळूच हसल्यासारखं वाटलं, चादरीआडच्या बायका हसायच्या तसं. मी वळून बघितलं नाही. भाचीनं कढीचं भांडं उचललं, माझ्या डाव्या अंगाला झुकून वाढू लागली. वाटी भरली तरी तिचा हात थांबेना.

"बस्स," मी म्हणाले. "आता तू बस जेवायला."

आणि ती बसली. माझ्याच ताटात.