शिक्षेची लाइन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पावसाळा सरल्यावर, एका बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या मालगाडीचे ब्रेक घाटात निकामी झाले. ड्रायव्हर योहान हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खंडाळ्याच्या खाली, जिथून सांधे बदलतात, त्या केबिनमध्ये माझी ड्यूटी होती.

सांधे म्हणजे रूळ जिथे दोन बाजूंना फुटतात ती जागा. त्या ठिकाणी मुख्य लाइन खाली उतरे. दुसरी, कॅच सायडिंग, उलट डोंगरावर चढून वाळूच्या ढिगात संपे. लोणावळा शेडचे ड्रायव्हर तिला ‘शिक्षेची लाइन’ म्हणत. सांधे कायम तिच्याकडेच लावलेले असत. उतरणाऱ्या गाडीने सिग्नलपाशी पूर्ण थांबून शिट्टी द्यायची, मग केबिनवाल्याने लिव्हर ओढून तिला मुख्य लाइन द्यायची. गाडी थांबली नाही तर लिव्हरला हात लावायचा नाही. ती आपोआप चढावर जाते आणि वेग संपला की थांबते.

गाडी वळणावर दिसली तेव्हाच ती थांबणार नाही हे कळलं. शिट्टी तुटत नव्हती. इंजिनात दाजी आहेत हे मला ठाऊक होतं. माझा हात लिव्हरवर गेला. खालच्या स्टेशनात मुख्य लाइनवर पॅसेंजर गाडी उभी होती, हेही ठाऊक होतं. मी हात काढून घेतला.

इंजिन चढावर गेलं आणि वाळूत घुसून थांबलं. मागचे दोन डबे एकमेकांवर चढले. इंजिनातल्या असिस्टंटला खरचटलं. गार्डला काही झालं नाही. दाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

चौकशीत ब्रेकची नळी फाटल्याचं निघालं. ड्रायव्हरची चूक नाही, असा शेरा पडला. डॉक्टरांनी मात्र सांगितलं, हा पाय पुन्हा इंजिन चालवायच्या कामाचा नाही.

दाजी लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात अडीच महिने होते. त्याआधी दर रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रवाचन तेच करत. आता त्यांनी उशाजवळचं शास्त्र, म्हणजे बायबल, बहिणीकडून घरी पाठवून दिलं. मंडळीतले लोक भेटायला येत आणि देव आपल्या लेकरालाच शिक्षा करतो, असं सांगून जात. दाजी भिंतीकडे तोंड करत.

मी एकदा माफी मागायला गेलो. लिव्हरचं सगळं सांगितलं.

“शमू, तू बरोबर केलंस,” ते म्हणाले. “विचारायचंय ते तुला नाही. वीस वर्षं नियमाने गाडी चालवली. चौकशीवालेसुद्धा म्हणतात चूक नाही. मग शिक्षा कशाची?”



पुढच्या आठवड्यात घाटातल्या गँगचा मुकादम धोंडीबा आला. गँग म्हणजे रुळांची निगा राखणारी टोळी. धोंडीबा बेडश्याचा. पायलीभर आंबेमोहोर घेऊन आला होता. मी तिथेच बसलो होतो. त्याने तांदूळ खाटेखाली ठेवला. मग म्हणाला, “डायवरसाहेब, तुमी मला लय चिडवायचा. याद हाय का?”

दाजींना आठवत होतं. सिग्नलपाशी गाडी थांबली की ते इंजिनातून खाली वाकून विचारत, “धोंडीबा, कोण पाव्हणे येणारेत म्हणून झाडलोट चाललीय?” कारण त्या चढावर गाडी कधीच जात नसे. तरी धोंडीबाची माणसं दर सोमवारी तिथलं गवत काढत, खिळे ठोकून बघत, सांध्याला तेल घालत, वाळू भुसभुशीत करत. पावसात वाळू घट्ट बसे, तेव्हा आठवड्यातून दोनदा.

“किती वर्षं करतोयस?” दाजींनी विचारलं.

“अठरा झाली. माज्या आदी माजा चुलता करायचा. एक गाडी आली न्हाई. पोरं म्हनायची, मुकादम, हे कुणासाठी? मी म्हनायचो, मला काय म्हाईत? सायबाचा हुकूम हाय.” त्याने दाजींच्या मोडलेल्या पायाकडे पाहिलं. “आता कळलं कुणासाठी. त्या सोमवारी आमी तेल घातलं नसतं, वाळू मोकळी केली नसती तर?”

दाजींनी त्याचा हात धरला. कितीतरी वेळ सोडला नाही. धोंडीबा अवघडून गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी शास्त्र परत मागवलं.

कुबड्या घेऊन ते मंडळीत आले तो रविवार मला स्पष्ट आठवतो. पाळकांनी त्यांना बोलायला सांगितलं. ते फार बोलले नाहीत. म्हणाले, “शिक्षा हा शब्द मी आजवर साहेबाच्या तोंडून ऐकला तसाच शास्त्रातही वाचत आलो. साहेब चूक झाल्यावर शिक्षा करतो. हा चढ माझा ब्रेक जायच्या कितीतरी आधी बांधलेला होता. मी हसत होतो तेव्हाही धोंडीबाची माणसं त्याच्या सांध्याला तेल घालत होती. नळी का फाटली, ते मला अजून माहीत नाही. पाय दुखतो. पण स्वर्गातल्या बापाने मला खाली जाऊ दिलं नाही. हे शिकायला मला वीस वर्षं आणि एक पाय लागला.” मग ते बसले. कुणी गाणं सुरू केलं नाही. धोंडीबा दाराबाहेर, चपलांपाशी उभा होता. त्याला बहिणीने बोलावलं होतं.

रेल्वेने दाजींना ऑफिसातलं बसून करायचं काम देऊ केलं होतं. त्यांनी अर्ज करून माझ्याच केबिनमधली जागा मागितली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “याचं डोकं ठिकाणावर आहे ना?” मी हो म्हणालो. अर्ज मंजूर झाला.

निवृत्त होईपर्यंत, सात वर्षं, ते त्या लिव्हरपाशी होते. त्या काळात सगळ्या गाड्या सिग्नलला थांबल्या, तरी दर सोमवारी चढाच्या सांध्याला तेल पडत राहिलं.