जसोदाबाईंच्या मूळ पेशी

कळसाडीच्या जसोदाबाई त्रेपन्नाव्या वर्षी सुरतेच्या दवाखान्यात दाखल झाल्या, त्या भावासाठी. धाकट्या पितांबरला रक्ताचा कर्करोग झालेला, आणि त्याला मूळ पेशी द्यायला घरात एकट्या त्याच जुळल्या. ऐकून त्यांना ना आनंद झाला ना भीती वाटली. कुळदेवीपुढे हात जोडले नि बोलून गेल्या, भाऊ उठेपर्यंत अन्नाचा कण नाही.

पेशी रक्तात उतराव्यात म्हणून रोज सुई टोचत होते. चौथ्या दिवशी त्या न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या. रक्तातली साखर पन्नासवर आलेली. “अशा अंगातून उद्या पेशी काढता येणार नाहीत,” डॉक्टर म्हणाले. तिकडे पितांबरच्या हाडांतला मगज औषधांनी आधीच रिकामा केलेला. थांबायला वाव नव्हता.

पितांबरची मुलगी मयूरी शहाद्याला जीवशास्त्र शिकत होती. ती आत्याच्या खाटेवर येऊन बसली.

“फुई, चार दिन काय खादं तू?”

“पानी. नवस शे बेटी.”

“बाप मन्हा शे, नि उपाशी तू मरी ऱ्हायनी!”

मयूरीने सूर उतरवला.

“हाडमा हवा कमी. तठे या पेशी झोपेल ऱ्हातस, जराशा साखरवर जगतस. गुऱ्हाळना चुलवणमा राखखाले इंगळ ऱ्हातस ना, तश्या.”

“मंग त्यास्ले थोडंच लागस. मन्हीच गत.”

“झोपमा, फुई! आते सुया टोचीसन जाग्या करी दिन्या. जागी पेशी हवा लेस, चरबी जाळस, साखर बी. कढई चढेल शे, नि तू चुलवणमा चिपाड टाकी नही ऱ्हायनी.”

जसोदाबाई उठून बसल्या.

“देवीले काय सांगू?”

“सांग, भाऊसाठेच खादं.”

खिचडी आली. त्यांनी ताट संपवलं. चव कशाचीच लागली नाही. सकाळी साखर ठीक निघाली. पाच तास दोन्ही हात न हलवता त्या यंत्राला जोडून पडून होत्या. शेवटी नर्सने पेशींची लालसर पिशवी दाखवली.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

पेशी चढवल्यापासून सतराव्या दिवशी पितांबरच्या पांढऱ्या पेशींचा आकडा वर चढला; बहिणीच्या पेशी रुजल्या होत्या. मयूरी धावत सांगायला आली. जसोदाबाई लुगड्याची घडी घालत होत्या.

“बरं व्हयनं,” त्या म्हणाल्या. नवस मोडलेला होता, त्यामुळे फेडायला काही उरलं नव्हतं. त्यांनी घडी पूर्ण केली नि दुसरं लुगडं घेतलं.